आधी फोटो, मग सुया

२५ मे २०२४ ला आई साताऱ्याला सुखरूप परत गेली. त्याआधीचे सात आठवडे तिच्या मानेपायी आम्ही दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, त्याही दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात, जिथं मला भाजी घेण्यापुरतं कोरियन येतं आणि आईला ‘कामसाहाम्निदा’च्या, म्हणजे ‘धन्यवाद’च्या, पुढे काही येत नाही. हाडं ठिसूळ असलेल्या माणसाच्या मानेला मार बसला तर त्याला इथल्या पारंपरिक वैद्याकडे न्यावं की नाही, हे त्या दिवसांत मी रात्र रात्र मराठीत शोधत होते. कामाचं काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. आम्ही काय केलं, कुठे घाबरलो आणि कुठे ‘नको’ म्हणालो, तेवढंच सांगते.

आईचं वय तेव्हा ६७. २०२२ च्या पावसाळ्यात परसात शेवाळावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. चालता चालता पडून हाड मोडलं, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करायला लावली. कण्याचा टी-स्कोअर उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. तेव्हापासून दर रविवारी सकाळी उपाशीपोटी हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, वर पेलाभर साधं पाणी आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तो अर्धा तास ती अंगणात येरझाऱ्या घालत जप करते. शिवाय रक्तदाबाची गोळी, जिच्यात लघवी वाढवणारं औषधही असतं, आणि रात्री छोटी अ‍ॅस्पिरिन. ही यादी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे पावलोपावली तीच उपयोगी पडली.

१ मार्चला आई ९० दिवसांच्या व्हिसावर आली. ६ एप्रिलला, शनिवारी, आम्ही तिला ह्वासॉंग किल्ल्यावर चेरीची फुलं दाखवायला नेलं. तटबंदीला हात लावून ती म्हणाली, "अजिंक्यतारा यांच्या हातात दिला असता तर असाच ठेवला असता बघ." परतताना सिग्नलला उभे असताना मागच्या गाडीनं आम्हाला धडक दिली. वेग फार नव्हता, एअरबॅगही उघडल्या नाहीत. पण आई मागच्या सीटवर होती, आणि तिच्या डोक्यामागची उशी मी कधी वर ओढलेलीच नव्हती, ती खांद्यालगत होती. मान आधी मागे गेली, मग पुढे. गाडीत म्हातारं माणूस बसवत असाल तर ती उशी डोक्याच्या मागे येईल इतकी वर ओढा. याला एक मिनिटही लागत नाही.

तो तरुण खाली उतरून वाकून वाकून माफी मागत होता. वीसेक मिनिटांत त्याच्या विमा कंपनीचा माणूस आला, फोटो घेतले, गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेतलं (इथे त्याला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात). थांबलेल्या गाडीला मागून धडक, त्यामुळे चूक कुणाची यावर वाद नव्हता. थोड्या वेळानं मोबाइलवर एक क्रमांक आला. त्याला ‘जॉप्सू-बॉन्हो’ म्हणतात. दवाखान्याच्या खिडकीवर हा क्रमांक सांगितला की बिल थेट विमा कंपनीकडे जातं. मात्र आम्हाला आधी आलेला क्रमांक गाडीच्या नुकसानीचा होता. माणसाच्या दुखापतीसाठी वेगळी नोंद लागते, तिला ‘देइन’ म्हणतात. ती करून द्या, असं स्वतःहून सांगावं लागलं. आईकडे इथला राष्ट्रीय आरोग्य विमा नव्हता, ती पाहुणी म्हणून आलेली. पण धडक देणाऱ्याचा वाहन विमा पाहुण्यालाही लागू होतो.

संध्याकाळी आई म्हणत होती, काही झालं नाही, उगाच घोर लावून घेऊ नका. रात्री दोन वाजता तिनं हाक मारली. "मान वळत नाही गं."

रविवारी सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या हाल्मोनी, म्हणजे आजी, भेटल्या. त्यांनी आईची ताठ मान पाहिली आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "हानुईवॉन!" पारंपरिक कोरियन वैद्यकाचा दवाखाना तो हानुईवॉन. इथे हे आडबाजूचं प्रकरण नाही. हानुईसा, म्हणजे वैद्य, सहा वर्षांचं शिक्षण घेऊन सरकारी परवान्यानं व्यवसाय करतात. सुया टोचणं, कप लावणं, मान-पाठ हातानं सरळ करणं, काढे, हे सगळं वाहन विम्यात बसतं. त्यामुळे अपघातानंतर मान धरली की कोरियन माणूस सहज तिकडे वळतो. चौकाचौकांत ‘वाहन अपघात उपचार’ असे फलक दिसतात. आजींच्या सांगण्यात मायाच होती, आणि आईलाही ते पटलं, कारण आमच्याकडे लचक भरली की हाडवैद्याकडेच जातात.

मी साताऱ्याला तिच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. तिथे तेव्हा पहाट होती. ते म्हणाले, "ताई, काकूंचं वय पासष्टच्या वर आहे आणि हाडं ठिसूळ. दुखणं थोडं असलं तरी फोटो झाल्याशिवाय मानेला कुणाचा हात लागू देऊ नका. माझासुद्धा."

मग आपत्कालीन विभाग गाठला. फेब्रुवारीपासून देशभरातल्या शिकाऊ डॉक्टरांनी काम सोडलं होतं, मोठ्या विद्यापीठ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांवर ताण होता. म्हणून आधी ११९ या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून विचारलं, तर त्यांनी जवळचं मध्यम आकाराचं रुग्णालय सुचवलं. तिथे साडेतीन तास बसलो. आईच्या गळ्यात पट्टा घातला होता आणि ती भिंतीवरची कोरियन अक्षरं बघत गप्प होती. तिला गप्प बसलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. हातापायाला मुंग्या येतात का, चक्कर येते का, लघवीवर ताबा आहे का, असे प्रश्न झाले. एक्स-रेनंतर त्यांनी सीटी स्कॅनही केला. उतारवयात मानेच्या दुसऱ्या मणक्याचा खुंटीसारखा भाग बारीकशा धक्क्यानं तडकू शकतो आणि साध्या एक्स-रेत ती भेग निसटू शकते, असं तिथल्या डॉक्टरांनी भाषांतराच्या अ‍ॅपवर मला लिहून दाखवलं.

मान शाबूत होती. पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये झीज होती, ती जुनीच. निदान ‘योमजा’, म्हणजे लचक. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात त्यांनी दुसरा फोटो उघडला. आई पाठीच्या मध्यावरही हात ठेवत होती म्हणून त्यांनी तिथलाही एक्स-रे काढला होता. बाराव्या पाठमणक्याची पुढची बाजू पाचरीसारखी दबलेली होती. ताजी मोड नव्हती, जुनी होती. आम्हाला तिचा पत्ताच नव्हता.

मी आईला विचारलं. बराच वेळ आठवून ती म्हणाली, "मागच्या दिवाळीला सिलिंडर सरकवला ना, तेव्हा उसण भरली होती. मिठाचा शेक घेतला, पंधरा दिवसांनी गेली." ती उसण नव्हती, मणका मोडला होता. ऑस्टिओपोरोसिसमध्ये असे मणके गुपचूप दबतात आणि घरातले म्हणतात, वय झालं, वाकली. आम्हीही तेच म्हणत होतो. ती बोटभर बुटकी झाली होती, साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या होत्या, आणि मी फोनवरून तिला साडी वर खोचायला सांगत होते. त्या खुर्चीवर बसून मला रडू आलं. तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

रविवार असल्यानं विमा कंपनीचं पैशांच्या हमीचं पत्र आलं नव्हतं. तीन लाख वॉन, म्हणजे तेव्हाचे साधारण १८,००० रुपये, अनामत भरावे लागले. मंगळवारी ते परत मिळाले. निघताना दोन गोष्टी मागून घेतल्या: सगळ्या चित्रांची सीडी (१०,००० वॉन) आणि चित्रं वाचून डॉक्टरांनी लिहिलेला अहवाल. नुसती सीडी घेऊ नका. पुढच्या ठिकाणी घाईत असलेला माणूस सीडी उघडेलच असं नाही, पण कागदावरची ओळ डोळ्यांसमोर येते.

पुढचे चार दिवस मऊ पट्टा, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारी गोळी. पट्टा दिवसभर घालून ठेवू नका, स्नायू आळसावतात, असं त्यांनी बजावलं होतं. ती गोळी घेतली की आईला गुंगी यायची, रात्री उठताना झोक जायचा. मान वाचवायची आणि पडून खुबा मोडायचा, असं होऊ नये म्हणून मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत छोटे दिवे लावले आणि नंतर डॉक्टरांना विचारून ती गोळी बंद केली. दुखणं मात्र उतरेना. कूस बदलताना ती कण्हायची. "त्या सुया बघू या तरी," ती स्वतःच म्हणाली.

१० एप्रिलला निवडणुकीची सुट्टी होती, म्हणून ११ तारखेला गुरुवारी गेलो. तो दवाखाना स्वच्छ होता, माणसं गोड बोलणारी. फॉर्म भरला, विम्याचा क्रमांक दिला, आणि दहा मिनिटांत आईला पोटावर झोपायला सांगितलं. सुया, रक्त काढणारे कप, सुईतून वनस्पतीचा अर्क, छुना आणि काढा, असं सगळं एकत्र मिळणार होतं, एक पैसाही न देता. छुना म्हणजे वैद्यानं हातानं मणके आणि सांधे जागेवर आणणं. २०१९ च्या एप्रिलपासून राष्ट्रीय आरोग्य विम्यातही त्याचा समावेश आहे, वर्षाला २० वेळांपर्यंत. कोरियात ही नेहमीची गोष्ट आहे.

पण हाडांबद्दल कुणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर मी ‘कोल्दागोंगजुंग’, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, असं लिहिलं होतं, तो रकाना कुणी वाचला नव्हता. मी सीडी पुढे केली तर म्हणाले, नंतर बघू, आधी स्नायू मोकळे करू. आई तोवर बूट काढून टेबलाशी उभी होती. मी तिचा हात धरला, माफी मागितली आणि बाहेर आले. उपचार न घेता उठून येणं मला फार अवघड गेलं. परका देश, समोर वाकून नमस्कार करणारी माणसं, आपली भाषा तोकडी. पायऱ्या उतरताना माझे पाय कापत होते. आईनं विचारलं, "काय चुकलं गं त्यांचं?" मी म्हणाले, "विचारलं नाही त्यांनी."

त्या रात्री नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आम्हाला कोरियनमध्ये एक कार्ड लिहून दिलं. वय ६७. हाडं ठिसूळ, टी-स्कोअर उणे ३.१. बारावा पाठमणका जुना मोडलेला. अ‍ॅस्पिरिन चालू. रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध. मानेला झटका देऊ नये. पोटावर झोपवू नये. चार इंच रुंद कागद, पण त्यानं सगळं बदललं.

सोमवारी, १५ एप्रिलला, एका मोठ्या कोरियन वैद्यक रुग्णालयात गेलो. तिथे हानुईसांबरोबर एक अस्थिरोगतज्ज्ञही बसतात. हे मुद्दाम पाहिलं, कारण एक्स-रे यंत्र वापरण्याबाबत तेव्हा, २०२४ मध्ये, हानुईसांवर कायद्याचं बंधन होतं आणि छोट्या हानुईवॉनमध्ये ते यंत्र सहसा नसायचं. म्हणजे चित्र आपण नेलं तरच त्यांना दिसणार. आम्हाला भेटल्या त्या हानुईसा बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, सीडी उघडली, शेजारच्या खोलीतून अस्थिरोगतज्ज्ञांना बोलावून आणलं. आईला स्वेटरची बटणं लावून दाखवायला सांगितली, सरळ रेषेत चालायला सांगितलं, मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून अंगठा हलतो का ते पाहिलं. मज्जारज्जूवर दाब असेल तर बोटांची सफाई आधी जाते, म्हणून. मग विचारलं, उंची कमी झाली का? कधी स्टिरॉइड घेतलं होतं?

आई म्हणाली, नाही. मग थांबून म्हणाली, गुडघ्यासाठी पूर्वी आठ महिने एका माणसाकडून पुड्या आणायची, त्या घेतल्या की तासाभरात पळायला लागायची. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या घटना झाल्या आहेत, आणि स्टिरॉइड महिनोन्महिने पोटात गेलं की हाडं पोखरली जातात. घरात इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. तो एका कोरियन वैद्य बाईला सुचला.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी ‘कोरियन उपचार’ असं एक गाठोडं केलं नाही. एकेक गोष्ट सुटी करून टेबलावर मांडली. याचा धोका हा, आणि तुमच्या आईच्या बाबतीत तो इतका.

छुना आधी. कट्‌कन आवाज येतो तो झटक्याचा छुना त्यांनी सरळ नाकारला. ठिसूळ मणक्याला झटका दिला तर तो मोडू शकतो, मोडलेला तुकडा मज्जारज्जूवर येऊ शकतो, आणि मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटण्याचा धोका, विरळा असला तरी, धडधाकट माणसालाही असतो. स्नायूंवरून हळू हात फिरवण्याचा मवाळ प्रकार असतो, तोही तीन आठवडे नको म्हणाल्या. "फायदा थोडा, आणि चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही," हे त्यांचं वाक्य मी अ‍ॅपवरून उतरवून घेतलं.

सुयांबद्दल त्या निर्धास्त होत्या, पण बेफिकीर नव्हत्या. एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, केसासारख्या सुया. हाडाच्या ठिसूळपणाचा त्यांच्याशी संबंध नाही, कारण त्या मांसात थांबतात. रक्ताचा थेंब येणं, काळंनिळं पडणं, घेरी येणं, हे होऊ शकतं, अ‍ॅस्पिरिनमुळे थोडं जास्त. खरी काळजी खांद्याच्या वरच्या उंचवट्याची, कारण त्याखाली फुप्फुसाचं टोक असतं. बारीक अंगाच्या बाईला तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते. म्हणून तिथे सुई आडवी आणि उथळ. उपचारानंतर छातीत कळ आली किंवा धाप लागली तर वाट न बघता आपत्कालीन विभागात जायचं.

कापून रक्त ओढणारे कप अ‍ॅस्पिरिनमुळे बाद. अर्काच्या सुईत मधमाशीचं विष असेल तर ते घ्यायचं नाही, असं मी स्वतःच सांगितलं. २०१८ मध्ये इथल्याच बुचॉन शहरात पाठदुखीसाठी मधमाशीच्या विषाची सुई घेतलेल्या एका शिक्षिकेचा तीव्र अ‍ॅलर्जीनं मृत्यू झाला होता, ते मी वाचलं होतं. बाईंनी मान हलवली. त्यांनाही ती घटना ठाऊक होती. आधी त्वचेवर चाचणी केल्याशिवाय हे कुणालाच देऊ नये, आणि तुमच्या आईला तर नकोच, असं त्या म्हणाल्या.

राहिला काढा. आईला त्याचीच सगळ्यात जास्त ओढ होती. काढा म्हणजे निरुपद्रवी, झाडपाला, असं आपल्या मनात बसलेलं असतं. आखडलेल्या मानेवर इथे कालगुंथांग हा जुना काढा प्रसिद्ध आहे. त्यात कुडझूची मुळं, दालचिनीच्या काड्या, आलं, बोरासारखं फळ, ज्येष्ठमध आणि माह्वांग. हा माह्वांग म्हणजे एफेड्रा, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारी वनस्पती. आणि ज्येष्ठमध! घसा बसला की आईनं मला आयुष्यभर चघळायला दिलेला ज्येष्ठमध. तो जास्त दिवस पोटात गेला की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. आईच्या गोळीतलं लघवीचं औषधही पोटॅशियम उतरवतंच. दोन्ही मिळून अशक्तपणा आणि ठोक्यांची गडबड होऊ शकते. बाई म्हणाल्या, काढा देत नाही. फुकट मिळत असलेला काढा वैद्यानं स्वतःहून नाकारला, हे मी अजून लोकांना सांगते.

आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. पहिल्या दिवशी आई खुर्चीवर पुढे उशी घेऊन, तिच्यावर कपाळ टेकून बसली. पोटावर झोपायची गरजच पडली नाही. मान, खांदा, हाताचा पंजा आणि घोट्याजवळ मिळून बारा सुया, वर उबदार लाल दिवा, १५ मिनिटं. "मुंगी चावून पळून गेल्यासारखं," ती म्हणाली. मी सुया लावताना मोजल्या आणि काढताना मोजल्या. नर्स हसली, पण पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर मोठ्यानं मोजू लागली. आईनंही आकडे उचलले: हाना, तूल, सेत.

२२ एप्रिलला, तिसऱ्या वेळी, सुया काढल्यावर आई उठली आणि पांढरी पडली. डोळ्यांपुढे अंधारी, कपाळावर घाम. माझ्या डोक्यात एकच, मानेतली रक्तवाहिनी. बाईंनी तिला लगेच आडवं केलं, पाय वर केले, रक्तदाब घेतला: ९० वर ५८. मग बोलायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, नजर दोन्हीकडे फिरवायला लावली, दोन-दोन दिसतं का विचारलं, गिळायला लावलं. सगळं ठीक होतं. चतुर्थी नव्हती की काही नव्हतं, पण आई सकाळपासून नुसत्या चहावर होती, कारण देवाला आणि डॉक्टरकडे उपाशी जायचं ही तिची सवय. अर्ध्या तासात रंग परत आला. त्यानंतर मी पिशवीत दशम्या नेऊ लागले. पण ती लक्षणं लिहून ठेवा: मानेत अचानक कधी न अनुभवलेली तीव्र कळ, दोन दिसणं, जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, चालताना तोल जाणं. यातलं एकही दिसलं तर सुया-काढ्यांचा विचार बाजूला ठेवून ११९.

मधल्या काळात विमा कंपनीच्या प्रतिनिधीचे फोन सुरू झाले होते. तडजोडीची रक्कम घ्या आणि प्रकरण मिटवा. दुसऱ्याच आठवड्यात पहिला फोन आला. सही केली की पुढचा उपचार आपल्या खिशातून, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून नवऱ्यानं नम्रपणे सांगितलं, आईंच्या परतीच्या आठवड्यात बोलू. दुसरा नियम चार आठवड्यांचा. मानेची लचक किरकोळ दुखापतीत, बाराव्या श्रेणीत मोडते, आणि जानेवारी २०२३ पासून अशा रुग्णांना चार आठवड्यांपुढे उपचार हवा असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमचे चार आठवडे ४ मेला संपत होते, तो शनिवार, पुढे ५ तारखेचा बालदिन आणि ६ ला त्याची बदली सुट्टी. म्हणून शुक्रवारी ३ तारखेलाच अस्थिरोगतज्ज्ञांकडून आणखी दोन आठवड्यांचं प्रमाणपत्र घेतलं, २०,००० वॉन. सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी बघा. एक दिवस उशीर झाला तरी खिडकीवर क्रमांक चालत नाही. भाषेसाठी १३४५ या परदेशी नागरिकांच्या मदतवाहिनीवर मी तीनदा इंग्रजीत बोलले. त्यांनी एकदा दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीशी फोनवरून बोलणंही करून दिलं.

सुयांनी गुण आला का, हे सगळे विचारतात. तिसऱ्या आठवड्यापासून आई रात्री कूस बदलताना जागी होईना. पाचव्या आठवड्यात रस्ता ओलांडताना तिनं दोन्हीकडे मान वळवून पाहिलं आणि मी मागून बघत राहिले. पण मानेची साधी लचक बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपसूक बरी होते. शिवाय ती रोज व्यायाम करत होती, हनुवटी आत घेण्याचा आणि खांदे मागे नेण्याचा. मला वाटतं, सुयांनी तिला झोप दिली आणि वेदनेच्या गोळ्या कमी केल्या. एवढं मी छातीठोकपणे सांगेन. दहा वेळा गेलो, दोनदा काळंनिळं पडलं, एकदा घेरी आली. खिशातून गेले ते सीडी, प्रमाणपत्र, बाहेरून घेतलेल्या किरकोळ वस्तू आणि टॅक्सी मिळून पावणेदोन लाख वॉन. त्यात टॅक्सीच निम्म्याहून जास्त, कारण गर्दीच्या बसमधले धक्के तिला नको होते.

२० मेला तडजोडीवर सही झाली. त्याआधी हानुईसा बाईंनी दहाही वेळच्या सुयांच्या नोंदींसह एक पत्र लिहून दिलं, तिकडच्या डॉक्टरांसाठी. निघताना आईनं त्यांना कुंकवाची डबी दिली. काय ते त्यांना कळलं नसेल, पण त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

साताऱ्यात डॉक्टरांनी सीडी लावली आणि मानेपेक्षा बाराव्या मणक्याकडेच जास्त वेळ पाहिलं. गोळी चालू असतानाही मणका दबला होता, त्यामुळे उपचार बदलला: आधी ड जीवनसत्त्वाची तपासणी, मग टेरिपॅराटाइड, रोज पोटावर एक छोटी सुई, दोन वर्षांपर्यंत. पेनासारखं ते इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आईनं त्यासाठी लोणच्याच्या बरणीशेजारी जागा केली आहे आणि सुई टोचताना अजून कोरियनमध्ये आकडे म्हणते.

जुलैमध्ये पावसानं तिची मान पुन्हा थोडी धरली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चला, पलीकडच्या गावात एक हाडवैद्य आहे, एका झटक्यात मोकळी करतो, माझ्या दिरांची केली. आई गेली. मला हे तिनं नंतर सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिनं पिशवीतून एक्स-रेचं पाकीट आणि ते कार्ड काढलं, कार्डाच्या मागे आता मराठीत लिहिलेलं आहे, आणि त्यांच्यापुढे ठेवून विचारलं, "दादा, आधी फोटो बघता का?"

त्यांनी फोटो उजेडाकडे धरला, मणक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, मी नाही हात लावत. घरी जाऊन शेका."